बोल्ट आवळणाऱ्याचं डोकं

शहरातल्या द्वारका चौकाजवळ आमचं दुकान आहे. नवरा गाड्यांची सीट कव्हरं शिवतो आणि मी हेल्मेट विकते. माणूस दुकानाची पायरी चढतो तेवढ्यात मला त्याच्या डोक्याचा साइज कळतो, टेप लावावी लागत नाही. तो कोणतं कारण सांगणार तेही मला पाठ आहे. केस गळतात, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि सगळ्यात लाडकं कारण म्हणजे इथल्या इथे तर जायचंय. या इथल्या इथे जाणाऱ्यांनी माझं डोकं जेवढं फिरवलंय तेवढं आणखी कुणी फिरवलं नसेल.

पण हे सांगतेय ते गाडीवरच्या हेल्मेटबद्दल नाही. विमानातल्या हेल्मेटबद्दल आहे. लोक हसतात. हसू दे. माझ्या भावाचं डोकं गेलं त्यात, आणि मला अजून राग आवरत नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. विमानांच्या कारखान्यात फिटर होता, सगळी नोकरी त्यातच गेली. सुरुवातीला त्याला ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने काम शिकवलं, त्याने त्याला एक नियमही शिकवला होता. ज्यानं बोल्ट आवळला, त्यानं पहिल्या उड्डाणाला आत बसायचं. म्हणजे हात कधी हलगर्जी करत नाहीत. कारखान्यात हा नियम पाळायची सोयच नव्हती. तिथली विमानं लढाईची, त्यात फिटरला कोण बसवणार? दादाने जन्मभर बोल्ट आवळले आणि दुसऱ्यांनी उडवलेली विमानं खालून पाहिली. तो हे कधी तक्रार म्हणून बोलला नाही, पण दर वेळी जेवताना मिस्त्रीचा तो नियम मात्र निघायचा. आम्ही बहिणी एकमेकींकडे बघून हसायचो.

निवृत्त झाल्यावर त्याला घोटीचा एक भाताच्या गिरणीचा मालक भेटला. दोन गिरण्या, मोठं शेत, आणि हौस म्हणून घेतलेलं एक छोटं विमान. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढंच. मालक स्वतः शिकून आला होता आणि स्वतःच उडवायचा. शेताच्या कडेला मुरूम टाकून, रोलर फिरवून त्याने उतरायला पट्टी करून घेतली होती. पावसाळ्यात तिकडे काही चालतच नाही, सगळीकडे भाताची खाचरं भरलेली. दिवाळीनंतर जमीन वाळली की विमान बाहेर निघायचं. त्याला विमानाची देखभाल करायला एक जाणता माणूस हवा होता, आणि दादाला मिस्त्रीचा नियम पाळायचा होता.

उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्यांदा वर जाऊन आला त्या दिवशी दादा पेढे घेऊन थेट दुकानात आला. पासष्टीला टेकलेला माणूस, पण उभं राहून हाताने पंख करून दाखवत होता. वैतरणेचं पाणी वरून कसं दिसतं, घाटातली रेल्वे कशी दिसते, सगळं सांगितलं. मीही खूश झाले. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी माझ्या सवयीने विचारलं, हेल्मेट घातलं होतंस का? तो एवढा हसला की शेजारच्या टायरवाल्याने डोकावून पाहिलं.

त्याचं म्हणणं असं की विमानाला दारं आहेत, छप्पर आहे, कमरेला पट्टा आहे. तू मोटारीत हेल्मेट घालतेस का? आणि कानाला हेडफोन लावावा लागतो, नाहीतर इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. त्यावर हेल्मेट बसणार कसं? मी म्हटलं, मला विमान दाखव.

पुढच्या रविवारी गेले. मी कुठेही बसले की डोकं कशावर आपटेल ते आधी बघते, ही माझ्या धंद्याची खोड आहे. रिक्षात बसले तरी बघते. विमानात बसल्यावर मला काय दिसलं तर कपाळासमोर, वीतभर अंतरावर, एक उघडी लोखंडी नळी. काच आणि छप्पर तिच्यावर पेललेलं. पट्टा कमरेला धरून ठेवणार, पण वरचं अंग पुढे जाणारच. मोटारीत समोर उशी फुगते. इथे नळी. मी मालकाला दाखवलं. तो म्हणाला, ताई, आजवर कुणाचं डोकं लागलं नाय त्याला. दुकानात रोज ऐकते मी हे. पडेपर्यंत कुणीच पडलेलं नसतं.

गाडीचं हेल्मेट त्यात चाललं नसतं हे मलाही कळलं. जड असतं, आणि कानाशी हेडफोनला जागा करायची म्हणून आतला थर्माकोल कापला की ते हेल्मेट राहत नाही, टोपलं होतं. म्हणून मी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून हलकं, कानाशी मोकळी जागा असलेलं, उडणाऱ्या लोकांसाठीच केलेलं हेल्मेट मागवलं. पांढरं. भाऊबीजेला दादा आला तेव्हा ओवाळून झाल्यावर मीच ते त्याच्या हातात दिलं. म्हटलं, यंदा ओवाळणी उलटी. त्याने तिथल्या तिथे घातलं. हेडफोन बरोबर आत बसला. आरशात बघून म्हणाला, चंद्रावर जायला हरकत नाही. मला वाटलं, जिंकले.

दोन रविवार त्याने ते घातलं. तिसऱ्या रविवारी मालक त्याला म्हणाला, "काका, तुम्ही हेल्मेट घातलं की मला लय भ्या वाटतं. तुमचा तुमच्याच कामावर भरवसा नाय का?"

हे वाक्य मला नंतर कळलं, पण तेव्हापासून एक दिवस असा गेला नाही की मला ते आठवलं नाही. किती गोड वाक्य आहे बघा. दम नाही, हुकूम नाही. दादाला जन्मभर ज्या गोष्टीचा अभिमान होता तिथेच बोट ठेवलं. आणि आमचा शहाणा विरघळला. त्याने हेल्मेट काढून सीटच्या मागच्या मोकळ्या जागेत ठेवलं. तिथे ना जाळी, ना दोरी. नुसतं ठेवलं.

मला मात्र दर रविवारी मोबाइलवर फोटो यायचा. दादा विमानात बसलेला, पट्टा लावलेला, डोक्यावर पांढरं हेल्मेट, अंगठा वर. मी तो फोटो नवऱ्याला दाखवायची, गिऱ्हाइकांना दाखवायची. म्हणायची, बघा, निवृत्त माणूस विमानात घालतो आणि तुम्हाला सिग्नलपर्यंत जायला जड होतं. त्या फोटोवर मी दोन-चार हेल्मेटही खपवली असतील.

जानेवारीत एकदा न सांगता गेले. मालकाने पट्टीवर चटई टाकून चहा ठेवला होता. दसऱ्याला विमानाची पूजा झाली होती, तिचा झेंडूचा वाळलेला हार अजून विमानाच्या शेडच्या दाराला लटकत होता. मी अजून बांधापाशीच होते, त्यांना दिसले नव्हते. दादा आत बसला, हेल्मेट घातलं, मालकाने फोटो काढला. माझा मोबाइल माझ्या पर्समध्ये वाजला. आणि माझ्या डोळ्यांदेखत दादाने हेल्मेट काढून मागे टाकलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी विमानासमोर जाऊन उभी राहिले, नाकावरचा पंखा चालू व्हायच्या आत. दादाला खाली उतरवलं. बांधाकडे नेऊन एवढी बोलले की मालक चहाचा कप घेऊन लांब जाऊन उभा राहिला. दादाने मालकाचं ते वाक्य मला सांगितलं, आणि मिस्त्रीचा नियम सांगितला. म्हणाला, मी आवळलेल्या बोल्टवर मी डोकं झाकून बसलो तर माझ्या हाताला काय किंमत? मी म्हटलं, अरे, हेल्मेट तुझ्या बोल्टसाठी नसतं. वारा तू आवळतोस का? जमीन तू आवळतोस का? तुझं सगळं बरोबर असेल तरी दुसऱ्याचं चुकतं.

तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेल्या हेल्मेटनं आजवर किती डोकी वाचवली गं?"

त्या खिळ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या दुकानाला लागून पेट्रोलपंप आहे. शहरात मध्यंतरी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा नियम झाला होता. लोक पंपावर पोचायचे, कामगार नाही म्हणायचा, की धावत माझ्याकडे. काकू, दोन मिनिटं द्या ना एखादं. मी एक जुनं काळं हेल्मेट बाहेर खिळ्याला लावून ठेवलं. ज्याला लागेल त्याने न्यावं, डोक्यावर ठेवावं, पेट्रोल घ्यावं, आणून परत लावावं. दिवसातून पन्नास डोकी त्यातून फिरायची. पंपावरच्यांनाही ते हेल्मेट ओळखीचं झालं होतं. नियम पाळला जायचा, पेट्रोल मिळायचं आणि माणूस उघड्या डोक्याने द्वारकेच्या गर्दीत घुसायचा. सगळे मला दुवा द्यायचे. मलाही बरं वाटायचं. नियम ढिला पडला तरी कधीतरी पंपावर कडक व्हायचे, म्हणून खिळा आणि हेल्मेट तसंच राहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. दादाने हे बरोबर पकडलं होतं.

माझी चूक अशी की तो बरोबर बोलला म्हणून मी माघार घेतली. त्याचं बोलणं बरोबर होतं, पण डोकं तर उघडंच होतं ना? मी चहासुद्धा न पिता घोटीहून परतीची एसटी पकडली. पुढचे दोन रविवार फोन केला नाही. फोटो येत राहिले. मी उघडून बघत नव्हते.

तिसऱ्या रविवारी विमान उतरताना पुढचं चाक रुतलं. शेजारच्या शेतकऱ्याने गव्हाला पाणी सोडलं होतं, ते बांधाखालून झिरपून पट्टीच्या टोकाला आलं होतं. वरून मुरूम कोरडा, आत चिखल. नाक खाली गेलं, शेपूट वर आलं आणि विमान जागच्या जागी उभं राहिलं. वेग फारसा नव्हता असं मालकच सांगतो. पट्टे तुटले नाहीत. दादाचा एक बोल्ट हलला नाही. मालकाला खांद्याला खरचटलं.

दादाचं कपाळ त्या नळीवर आपटलं. सात टाके. पण डॉक्टर टाक्यांबद्दल बोलत नव्हते. ते विचारत होते, डाव्या कानाच्या वर मागून काय लागलं? तिथलं हाड आत गेलं होतं आणि रक्त साकळलं होतं. ऑपरेशन करावं लागलं. मागून काय लागलं ते कुणालाच सांगता येईना. मागे तर काहीच नव्हतं, मालक म्हणाला.

दोन दिवसांनी त्याचा माणूस दादाच्या वस्तू गिरणीच्या पिशवीत घालून दवाखान्यात देऊन गेला. बूट, चष्म्याचं घर, पान्ह्यांची गुंडाळी, आणि हेल्मेट. मी हेल्मेट हातात घेतलं. कडेला, जिथे टणक कवच संपतं तिथे, रक्त वाळलेलं होतं आणि त्यात पांढरे केस चिकटले होते. पुढचं चाक थांबलं तेव्हा सगळं थांबलं, मागे सुटं ठेवलेलं हेल्मेट तेवढं थांबलं नाही. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ती कड बघितली, दादाच्या पट्टीकडे बघितलं, आणि मान हलवली. डोक्यावर असतं तर नळीही त्यालाच लागली असती आणि दादा दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडायला घरी आला असता. मी मागवलेलं, मी ओवाळून दिलेलं हेल्मेट. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी दादाला शिव्या दिल्या, मालकाला दिल्या, स्वतःला दिल्या. रडू आलं नाही. नुसता राग.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे पक्कड घेऊन तो बाहेरचा खिळा उपटला. काळं हेल्मेट हातोड्याने फोडून कचऱ्यात टाकलं. आता लोक येतात आणि विचारतात, काकू, आधी तर द्यायच्या. मी म्हणते, आधी द्यायचे, आता नाही देणार. रागावून जातात. जाऊ देत.

दादा वाचला. चालतो, जेवतो, माणसं ओळखतो. पण शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाला विमानाचा प्रत्येक तुकडा नावाने ठाऊक होता, तो पान्ह्याकडे बघून ते, ते, करत राहतो आणि मग हात खाली टाकतो. नट डावीकडे फिरवला की सुटतो की आवळतो, हे त्याला आता कळत नाही. वहिनी म्हणाली, दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. म्हणून सकाळी मी त्याला दुकानात घेऊन येते. तो खुर्चीवर बसतो आणि नव्या हेल्मेटांवरचं प्लॅस्टिक हळूहळू काढतो. ते काम त्याला जमतं.

एप्रिलमध्ये मालक आला. दवाखान्यात दोनदा येऊन गेला होता, त्यानंतर आताच. हातात आंब्याची पेटी, दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद. विमान दुरुस्तीला दिलंय म्हणाला, विम्याच्या लोकांनी चौकशी लावलीय. कागदावर लिहिलं होतं की शेजारी बसलेल्या इसमाने उड्डाणाच्या वेळी हेल्मेट परिधान केलेले होते. खाली दादाच्या सहीसाठी जागा. आणि त्या रविवारचा सकाळचा फोटो त्याच्या मोबाइलमधून गेला होता, नवीन मोबाइल घेतला होता. माझ्याकडे असणारच. तेवढा पाठवा म्हणाला.

मी मोबाइल काढला. त्या दिवसाचा फोटो पहिल्यांदाच उघडला. दादा, पांढरं हेल्मेट, अंगठा वर. मी मालकाला म्हटलं, फोटो काढल्यावर हेल्मेट कुठे गेलं तेही लिहा की. तो म्हणाला, ताई, आता झालं ते झालं, एका कागदानं कुणाचं काय बिघडणारय. मग तो दादाच्या खुर्चीसमोर वाकला.

"काका, हेल्मेट घातलेलं होतं ना तुम्ही? नुसतं हो म्हणा."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. ते, ते, म्हणाला. मालकाने मान डोलवून त्याला धीर दिल्यासारखं केलं. दादाच्या मांडीवर एक हेल्मेट होतं, अर्धं प्लॅस्टिक काढलेलं. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, डोक्यापाशी नेलं, तिथे क्षणभर धरलं. मग डोक्यावरून मागे नेऊन खुर्चीच्या पाठीमागे सोडून दिलं. ते फरशीवर आपटलं आणि नवऱ्याच्या शिलाई मशिनखाली घरंगळत गेलं.

"भ्या," दादा म्हणाला, मालकाकडे बोट दाखवून. "तुम्हाला… भ्या."

अपघातापासून तो इतकं कधी बोलला नव्हता. मालक सरळ उभा राहिला. मी त्याच्या हातातला कागद घेतला, ते वाक्य पेनाने खोडलं आणि वर माझ्या अक्षरात लिहिलं: हेल्मेट फोटोपुरतं घातलं, मग विमानमालकाच्या सांगण्यावरून काढून सीटच्या मागे सुटं ठेवलं, आणि डोक्याला मागून तेच लागलं. दादाच्या हातात पेन दिला. अक्षरं वाकडी आली, अर्धी सही रेघेच्या खाली गेली, पण त्याने केली. सही केली की जबाबदारी घ्यायची, हे तो विसरलेला नव्हता.

मग मी कागद मालकापुढे धरला. म्हटलं, बोल्ट आवळणारा स्वतः आत बसला, त्याने त्याचा नियम पाळला. आता खाली तुम्ही सही करा.

तो म्हणाला, घरी नेऊन नीट वाचतो. कागदाची घडी करून खिशात घातली, आंब्याची पेटी तशीच ठेवून गाडीकडे गेला. पेटी मी मागोमाग नेऊन त्याच्या डिकीत ठेवली.

कागद अजून आलेला नाही. विम्याच्या लोकांचं ऑफिस कुठे आहे ते मी शोधून काढलंय, कागद आला नाही तर मीच जाणार आहे. रक्त लागलेलं ते हेल्मेट मी धुतलेलं नाही. दुकानात वरच्या फळीवर आहे, आणि गिऱ्हाईक म्हणालं की इथल्या इथे तर जायचंय, की मी ते खाली काढून त्याच्या हातात देते आणि दादाकडे बघायला सांगते.